मळ्यांची हिरवाई मोजताना शेणकिड्यांचीही साक्ष काढा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वृक्षलागवडीच्या बातम्या सर्वच वर्तमानपत्रांत नेमाने येतात. किती रोपे लावली, किती हेक्टर जमीन हिरवी झाली, उपग्रहाच्या छायाचित्रात किती टक्के छत्र दिसले, याचे आकडे त्यांत ठळकपणे छापले जातात. त्या छत्राखालची जमीन किती तापते, तिच्यात ओल किती टिकते आणि तिच्यावर पडलेली विष्ठा कोण उचलते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. उष्ण कटिबंधातील मळ्यांच्या बाबतीत हे प्रश्न मुळीच गौण नाहीत, आणि त्यांची उत्तरे देणारा एक अत्यंत स्वस्त साक्षीदार उपलब्ध आहे, तो म्हणजे शेणकिडा. मळ्यांच्या मूल्यमापनात त्याला जागा मिळावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार ०.५ हेक्टरहून मोठा, ५ मीटरहून उंच झाडांचा आणि १० टक्क्यांहून अधिक छत्र असलेला भूभाग ‘वन’ ठरतो. या व्याख्येत निलगिरीची एकसुरी लागवड बसते आणि रबराचे मळेही बसतात. ऑइल पामचे मळे, फळबागा आणि मोठ्या झाडांच्या सावलीत पीक घेण्याची कृषिवनपद्धती मात्र तिच्यातून वगळलेली आहे. जमीन कोणत्या कामासाठी वापरली जाते, या निकषावर ही विभागणी उभी आहे, आणि हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात वावगे काही नाही. शेणकिड्यांची यादी समोर ठेवली की मात्र क्रम बदलतो. जंगलातली जुनी झाडे राखून त्यांच्या सावलीत केलेली कोकोची लागवड या किड्यांच्या लेखी जंगलाच्या बरीच जवळ असते, आणि कागदोपत्री ‘वन’ असलेली निलगिरी कितीतरी लांब. ‘हिरवे आच्छादन’ हा एकच शब्द वापरून आपण ज्या गोष्टी एका रांगेत बसवतो, त्यांच्यातला फरक जमिनीवर इतका मोठा आहे.

शेणकिड्यांविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट कळणार नाही. या किड्यांच्या जगभरात ६,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत, त्यांतल्या २,००० हून अधिक एकट्या ‘ऑन्थोफॅगस’ या प्रजातीत मोडतात. कामाच्या पद्धतीवरून त्यांचे ढोबळ मानाने तीन गट पडतात: विष्ठेचा गोळा करून तो दूर लोटत नेणारे, विष्ठेच्या थेट खाली बीळ खणून माल आत ओढणारे आणि विष्ठेतच राहून तिथेच वाढणारे. सदाहरित जंगलात माकडाची विष्ठा खाली पडली की काही मिनिटांतच पहिले किडे पोहोचतात. नखाहूनही लहान असे काही किडे झुडपांच्या पानांवर दबा धरून बसलेलेच असतात. शृंगिकांच्या टोकाच्या पाकळ्या उघडून ते वाऱ्यावरचा वास घेत असतात आणि वास मिळताच झेपावतात. दिवसाची पाळी संपली की अंधारात मोठे, जड किडे घरघर आवाज करीत येतात आणि सकाळी त्या जागी उकरलेल्या मातीच्या छोट्या ढिगाऱ्यांपलीकडे फारसे काही उरत नाही. त्या एका रात्रीत नत्र आणि स्फुरद मुळांच्या टप्प्यात गेलेले असते, माती भुसभुशीत झालेली असते, माश्यांच्या अळ्यांना वाढायला जागा उरलेली नसते आणि फळे खाणाऱ्या प्राण्याच्या पोटातून आलेल्या बिया उंदरांच्या नजरेआड काही सेंटिमीटर खोल पुरल्या गेलेल्या असतात.

या किड्यांच्या प्रजननाची रीत पाहिली की मळ्यातल्या हवामानाचा त्यांना एवढा फटका का बसतो, हे लक्षात येते. बहुतेक जातींत मादी जमिनीखाली विष्ठेची गोळी तयार करून तिच्यात एकच अंडे घालते. अळीचे सगळे बालपण त्या एका गोळीच्या आत जाते. अन्न तेच, घरही तेच. गोळीला भेग पडली तर अळी स्वतःच्या विष्ठेने ती लिंपून घेते, पण गोळीच वाळून दगड झाली, किंवा साचलेल्या पाण्याने तिला बुरशी लागली, तर अळीला दुसरीकडे जाण्याचा मार्ग नसतो. मोठ्या जातींपैकी कित्येकींची मादी एका हंगामात मोजक्याच गोळ्या करते. डासासारखी शेकड्यांनी अंडी घालून नुकसान भरून काढण्याची सोय त्यांना नाही. म्हणून मातीचे तापमान, तिची ओल आणि तिचा पोत या तीन गोष्टी कोणत्या जाती टिकतील ते बऱ्याच अंशी ठरवतात.

आता मळ्यात नेमके काय बदलते ते पाहू. बोर्निओ बेटावर मूळ जंगल, तोड झालेले जंगल आणि ऑइल पामचे मळे यांच्यात केलेल्या मोजणीत मूळ जंगलातली हवा मळ्यातल्या हवेपेक्षा ६.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड आढळली, तर तोड झालेल्या जंगलापेक्षा हा फरक २.५ अंशांपर्यंतच होता. पानांचे थर जितके दाट, तितके दिवसाचे कमाल तापमान कमी आणि दमटपणा अधिक, असा सरळ संबंध तिथे दिसला. पामची झाडे हिरवीगार असतात, पण त्यांची उंची एकसारखी असते आणि खाली झुडपांचा, वेलींचा, रोपांचा दुसरा-तिसरा थर नसतो. त्यातून तणनाशक फवारून तळ साफ ठेवण्याची पद्धत असेल, तर पालापाचोळाही विरळ होतो आणि ऊन थेट मातीवर उतरते. उघड्यावर पडलेल्या विष्ठेवर दुपारपर्यंत कडक साल धरते, आणि एकदा साल धरली की तिचा वासही फारसा पसरत नाही व ती उकरणेही कठीण होते. फळांचे घड वाहून नेणाऱ्या वाटांवर माती दाबली जाते ती वेगळीच.

यात भर पडते ती सस्तन प्राण्यांच्या अनुपस्थितीची. माकडे, हरणे, हत्ती, मोठी रानमांजरे ज्या प्रमाणात जंगलात असतात, तशी ती मळ्यात नसतात. राहतात ती रानडुकरे, उंदीर-घुशी आणि माणसाबरोबर आलेली कुत्री-गुरे. विष्ठा कमी होते आणि तिची विविधताही कमी होते. ‘हेलिओकोप्रिस डॉमिनस’ या जातीचे भले थोरले किडे हत्तीच्या लिदीवर पोसतात; हत्ती गेला की त्यांच्यासाठी मळ्याला झाडे कितीही दाट असली तरी उपयोग नाही. मात्र विष्ठा भरपूर असली की किडे आपोआप येतील, ही समजूतही चुकीची आहे. मेक्सिकोतील ख्यातनाम कीटकशास्त्रज्ञ गोन्झालो हाल्फ्टर आणि त्यांच्या सहकारी आरेयानो यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की जंगलातल्या जातींच्या दृष्टीने गुरांच्या शेणाच्या उपलब्धतेपेक्षा झाडांचे आच्छादन अधिक निर्णायक असते. शेण मुबलक, पण सावली नाही, अशा कुरणात जंगलातल्या जाती येत नाहीत, येतात त्या उघड्या माळावरच्या.

नेमकी इथेच मळ्यांच्या समर्थकांची आणि टीकाकारांचीही फसगत होते. मोजणीसाठी मळ्यात लावलेल्या सापळ्यात कधीकधी किडे पुष्कळ सापडतात. सापळा भरलेला पाहून जैवविविधता शाबूत असल्याचा निष्कर्ष काढणे सोपे असते. पण जवळून पाहिले तर त्यांत उन्हाला सरावलेल्या दोन-तीन लहान जातींचीच गर्दी असते आणि जंगलातल्या मोठ्या जाती गायब असतात. माझ्या मते किड्यांच्या एकूण संख्येइतका दिशाभूल करणारा दुसरा आकडा या विषयात नाही. कोणत्या जाती आल्या, त्यांतल्या मोठ्या किती आणि रात्री काम करणाऱ्या किती, हे विचारायला हवे.

मोठ्या जातींवर एवढा भर देण्याचे कारण केवळ त्यांचा डौल नव्हे. मलेशियाच्या साबा राज्यातील डॅनम खोऱ्यात एलिनॉर स्लेड आणि सहकाऱ्यांनी किड्यांचे वेगवेगळे गट मुद्दाम वगळून प्रयोग केले आणि २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रात्री बीळ खणणारे मोठे किडे वगळले, तेव्हा विष्ठा हलवण्याचे आणि बिया हलवण्याचे काम सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. बाकीचे गट जागेवर होते, तरी त्यांना ती उणीव भरून काढता आली नाही. त्याआधी २००५ मध्ये व्हेनेझुएलातील गुरी जलाशयात बुडून उरलेल्या टेकड्यांच्या बेटांवरील अभ्यासातही हेच चित्र दिसले होते: सर्वांत जास्त काम करणाऱ्या मोठ्या जाती आणि सर्वांत आधी नाहीशा होणाऱ्या जाती बहुतांशी एकच होत्या. मोठ्या किड्याला गोळीसाठी विष्ठा जास्त लागते आणि संतती कमी होते. उडताना स्नायूंच्या हालचालीने त्याचे शरीर आधीच तापलेले असते, म्हणून बाहेरचा उष्माही त्याला लवकर असह्य होतो. यादीतून पाच जाती कमी झाल्या असे अहवालात वाचताना त्या पाच कोणत्या, याला म्हणूनच महत्त्व आहे.

ब्राझीलच्या जारी प्रकल्पाची कहाणी या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अमेरिकी उद्योगपती डॅनियल लुडविग यांनी १९६७ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात प्रचंड जमीन घेऊन कागदाच्या लगद्यासाठी आपल्याकडच्या शिवणीची, म्हणजे ‘ग्मेलिना’ची, अफाट लागवड केली. तिथल्या मातीत ती अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, आणि पुढे पाइन व निलगिरी लावण्यात आली. त्याच परिसरात मूळ जंगल, पुन्हा उगवलेले जंगल आणि निलगिरीचे मळे यांची तुलना टोबी गार्डनर, जॉस बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. प्राणी-वनस्पतींच्या १५ गटांच्या या पाहणीत सुमारे चतुर्थांश जाती मूळ जंगलाबाहेर एकदाही आढळल्या नाहीत. शेणकिड्यांच्या बाबतीत तर निलगिरीच्या मळ्यातलाच नव्हे, पुन्हा उगवलेल्या जंगलातला समुदायही मूळ जंगलाच्या तुलनेत फार दरिद्री होता, आणि तोही आजूबाजूला मूळ जंगलाचा विस्तीर्ण पट्टा उभा असताना. लगद्यासाठीची निलगिरी सहा-सात वर्षांत तोडली जाते. एवढ्या अल्प काळात पालापाचोळ्याचा थर, तळातली झुडपे आणि मातीची ओल सावरायला लागते न लागते तोच पुन्हा करवत चालते.

याउलट बाजूची उदाहरणेही प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर लोरे लिंडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात शहाबुद्दीन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की जंगलाच्या कडेच्या सावलीतल्या कोको लागवडीत जंगलातल्या बऱ्याच जाती तग धरून होत्या, तर उघड्या जमिनीवर त्यांतल्या कित्येक नव्हत्या. मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात मेघवनाचे, म्हणजे सदैव ढगधुक्यात असणाऱ्या डोंगरी जंगलाचे, तुकडे आणि सावलीतली कॉफी यांची तुलना झाली, तेव्हा शेणकिड्यांच्या जाती कॉफीच्या मळ्यांत जंगलापेक्षाही अधिक निघाल्या. कॉफीवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये, कारण त्याच अभ्यासात बेडकांच्या जाती कॉफीत कमी भरल्या होत्या. एका गटाची खुशाली सर्वांची खुशाली नसते, आणि जंगलातल्या जातींत उघड्यावरच्या जाती मिसळल्या की बेरीज वाढणारच. एलिझाबेथ निकोल्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यातही कृषिवने आणि निवडक तोड झालेली जंगले मूळ जंगलाच्या जवळ, झाडांची एकसुरी लागवड मधल्या पायरीवर आणि कुरणे व हंगामी पिकांची शेते तळाला, असा साधारण उतरता क्रम लागला. सावलीतला मळासुद्धा सावली कोणत्या झाडाची आहे यावर बदलतो. दक्षिण भारतातल्या कॉफीच्या मळ्यांत अनेक ठिकाणी देशी झाडांच्या जागी ऑस्ट्रेलियातून आणलेला सिल्व्हर ओक उभा राहिला आहे. वरून पाहणाऱ्याला छत्र तेवढेच दिसते, पण जंगली फळे गेली की फळे खाणारे प्राणी कमी येतात, आणि ते कमी आले की किड्यांचा शिधाही आटतो.

मळे नकोतच, असा माझा पवित्रा नाही. रबर, पामतेल, कागद, कॉफी आपण सगळेच वापरतो. प्रश्न मळे कसे राखायचे हा आहे, आणि त्याबाबत शेणकिड्यांच्या अभ्यासातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. साबामध्येच ऑइल पामच्या प्रदेशात ओढ्या-नद्यांच्या काठाने राखलेल्या नैसर्गिक झाडीच्या पट्ट्यांची पाहणी झाली. पट्टा जितका रुंद आणि त्यातली झाडी जितकी बहुस्तरीय, तितकी जातींची विविधता अधिक, आणि पट्ट्यातला समुदाय तोड झालेल्या जंगलाशी बराच मिळताजुळता होता. मात्र पट्ट्यातले किडे शेजारच्या पामच्या ओळींत पसरून तिथलेही काम उरकतील, ही आशा फोल ठरली. काठाची झाडी राखणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर मळ्याचे आतले हवामान सुधारण्यापासून सुटका होत नाही.

ते सुधारण्यासाठी करावयाच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. ऑइल पामची झाडे साधारण २५ वर्षांनी काढून नवी लावली जातात. सगळा मळा एकाच वेळी उघडा पाडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने ही फेरलागवड केली, तर किड्यांना आसऱ्याला सावली शिल्लक राहते. तळातली झुडपे संपूर्ण न मारता फक्त खोडाभोवतीचे आळे आणि येण्या-जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवता येतात. मलेशियात काही मळ्यांत तण खाण्यासाठी गुरे सोडतात, त्याने तणनाशकाचा वापर कमी होतो आणि शेणही मिळते. पण त्या गुरांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिले जात असेल, तर औषधाचा अंश शेणातून पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणजे एका हाताने वाढायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा प्रकार होतो. औषधाची वेळ किड्यांच्या विणीच्या हंगामाबाहेर ठेवणे, किंवा सरसकट सगळ्या कळपाला न देता गरज असलेल्या जनावरांनाच देणे, यात कोणाचे नुकसान नाही.

शेणाच्या कामात गफलत झाली तर काय होते, याचा मोठा धडा ऑस्ट्रेलियाने घेतला आहे. तिथले स्थानिक किडे कांगारूंसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. युरोपीयांनी आणलेल्या गुरांचे ओले शेण त्यांना पेलेना आणि कुरणे शेणाच्या पोवट्यांनी व माश्यांनी भरली. जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास तिथल्या शासकीय संशोधन संस्थेने परदेशांतून शेणकिडे आणण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि तो सुमारे २० वर्षे चालला. हे उदाहरण कुरणांचे आहे, मळ्यांचे नाही, आणि परके किडे सोडणे हा जंगलाशेजारच्या मळ्यांसाठी उपाय नव्हेच. किडे नसले तर त्यांचे काम फुकट होत नाही आणि ते माणसाला किती महाग पडते, एवढ्यापुरताच त्याचा इथे उल्लेख.

शेवटी मोजणीविषयी. पक्षी किंवा सस्तन प्राणी मोजायला अनुभवी माणसे आणि कित्येक महिने लागतात. शेणकिड्यांसाठी प्लास्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत पुरायचा, वर पावसापासून आडोसा करायचा, मधोमध आमिषाची पुरचुंडी टांगायची आणि एक-दोन रात्रींनी पेल्यात काय पडले ते पाहायचे. आमिष म्हणून माणसाची विष्ठा सर्वांत परिणामकारक ठरते; वातानुकूलित कार्यालयात अहवाल लिहिणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण मालाची टंचाई कधी भासत नाही, हेही खरे. सापळ्यांत किमान ५० आणि शक्य तर १०० मीटर अंतर हवे, नाहीतर एका सापळ्याचा किडा दुसऱ्यात जातो आणि हिशेब बिघडतो. मोजणी पावसाळ्यात व्हावी, कारण कोरड्या दिवसांत बरेच किडे जमिनीखाली असतात आणि मळा नाहक रिकामा ठरतो.

माझी विनंती अशी की लागवडीला ‘हरित’ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी, कर्बशोषणाच्या नावाखाली मळ्यांसाठी निधी देणाऱ्यांनी आणि सरकारी खात्यांनी छत्राच्या टक्केवारीशेजारी दोन रकाने आणखी ठेवावेत: छत्राखालच्या मातीचे दुपारचे तापमान, आणि शेणकिड्यांच्या जातींची यादी, तीही आकार व कामाच्या वेळेनुसार. ही यादी शेजारच्या उभ्या जंगलाच्या यादीशी ताडून छापली जावी, कारण एरवी मळ्यातल्या बारा जाती कमी की पुष्कळ, हे कोणालाच ठरवता येणार नाही. आपल्या वार्ताहरांनीही लागवडीची बातमी देताना हे दोन रकाने मागावेत. आणि ताडून पाहायला आसपास मूळ जंगलाचा तुकडाच शिल्लक नसेल, तर तशी नोंद त्या अहवालाच्या पहिल्या पानावर असावी.

आपला नम्र,
एक वाचक